सेकंडहँड गाडी घेताना फसू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातले, सोसायटीतले लोक जुनी गाडी बघायला जाताना मला सोबत नेतात आणि दरवेळी प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढतोय. सगळं महाराष्ट्रातल्या आरटीओ आणि इथल्या बाजाराच्या हिशोबाने आहे. आधीच सांगून ठेवतो, विकणारा तोंडाने जे बोलतो ते हिशोबात धरू नका. जे कागदावर आहे आणि जे गाडीच्या अंगावर छापलेलं आहे तेवढंच खरं, आणि पूर्ण पैसे हातातून जायच्या आधीच काय ते बघायचं.

डीलरकडून घ्यावी की डायरेक्ट मालकाकडून?

किमतीचं बघाल तर मालकाकडून स्वस्त पडते आणि गाडी कशी वापरली ते समोरासमोर विचारता येतं. पण पुढे भांडायची वेळ आली तर फरक पडतो. डीलरचा धंदाच गाड्या विकायचा आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. शेजारच्या जोशी काकांनी आपली एकुलती एक गाडी विकली तर ते काही व्यापारी होत नाहीत, तिथे ग्राहक कायदा सहसा कामाला येत नाही, मग दिवाणी कोर्ट नाहीतर सरळ फसवणूक असेल तर पोलीस.

डीलरकडे गेलात तर एक गोष्ट नक्की मागा. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते फॉर्म २९बी मध्ये असतं आणि ५ वर्षं चालतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा असतो, त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर येते. रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून बसलेल्या बऱ्याच जणांकडे हे नसतं. नसेल तर गाडी खराबच असते असं नाही, पण तो माणूस कागदोपत्री कुठेच नाही हे डोक्यात ठेवून भाव करा, किंवा मी म्हणेन सोडूनच द्या.

गाडी बघायला जायच्या आधी घरबसल्या काय काय कळतं?

फक्त नंबर हवा. एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इंधन, गाडीचा क्लास, इन्शुरन्स कधी संपतोय, पीयूसी, आणि बँकेचा बोजा आहे का ते दिसतं, कितवा मालक ते पण कळतं. नाव अर्धवट झाकलेलं असतं पण अक्षरं जुळवून अंदाज येतो. मग महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलान साईटवर आणि परिवहनच्या ई-चलान साईटवर दोन्हीकडे बघा, कारण चलान गाडीच्या नंबरवर असतात, माणसावर नाही, आणि ती थकलेली असली की आरटीओत काम अडकतं. चोरीची गाडी आहे का ते बघायला एनसीआरबीचं (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) वाहन समन्वय आहे, तिथे गाडीचे तपशील टाकून शोधता येतं.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही विचारा, नसेल तर आधी ती बसवायला लावा, नाहीतर ट्रान्सफरच्या वेळी तुमचाच हेलपाटा.

फोटोत नंबरप्लेट झाकलेली आणि फोनवर पण नंबर द्यायला का कू करतोय, तर तिथेच थांबायचं. गाडी चांगली असेल तर नंबर लपवायची गरज काय.

“फर्स्ट ओनर” म्हणतो पण आरसीवर नाव भलत्याचंच आहे, चालेल का?

हे फार कॉमन आहे. होतं असं की पहिल्या मालकाने एजंटला गाडी दिली, टीटी फॉर्मवर म्हणजे २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, एजंटने दुसऱ्याला दिली, त्याने वर्षभर वापरली आणि आता तो विकतोय, नावावर कधी केलीच नाही. आरसीवर अजून “पहिला मालक” दिसतो, प्रत्यक्षात गाडी तीन हातांतून गेलेली असते. अशा वेळी आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला. फोनवर नाही, भेटूनच, आणि त्याचं आधार-पॅन बघून. तो भेटत नसेल, परदेशी आहे, गावी आहे, अशी कारणं येत असतील तर पुढे जाऊ नका.

आणि मालक वारला असेल तर त्याच्या जुन्या सह्यांवर गाडी विकत घेऊ नका. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, मग वारसाने तुम्हाला विकायची. घरातले लोक प्रामाणिक असतात, त्यांना माहीत नसतं एवढंच, पण नंतर एखादा दुसरा वारस उभा राहिला तर गाडी तुमच्या गळ्यात अडकते.

मीटर मागे केलंय हे कसं ओळखायचं?

डिजिटल मीटर आहे म्हणजे बदलता येत नाही हा गैरसमज काढून टाका, लॅपटॉप लावून काही मिनिटांत आकडा बदलतात. म्हणून मीटरकडे बघूच नका, बाकीच्या वस्तूंकडे बघा.

टायरवरून सुरुवात करा. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आता २०१८ ची गाडी, मीटरवर २८ हजार आणि चारही टायर २०२२ चे, तर विचारायचं की २८ हजारात सगळे टायर का बदलले? कंपनीचे टायर साधारण ४०-५० हजार तरी जातात. कधीकधी खरं कारण असतं, गाडी उभी राहून टायर कडक झाले असतील, पण मग तसं बिल दाखवेल तो. स्टेपनी पण काढून बघा, ती मूळची असेल तर गाडीच्या वर्षाशी जुळते.

मग ड्रायव्हरची जागा बघायची. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, गिअर नॉब, सीटची दरवाज्याकडची कड जिथून आपण रोज घासून बसतो उतरतो. ३० हजार किमीला पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. आणि उलटं पण, सगळी गाडी जुनी आणि पेडलचं रबर तेवढं करकरीत नवं, तर तेही का बदललं ते विचारा.

सगळ्यात पक्का पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. प्रत्येक सर्व्हिसला मीटरचा आकडा त्यांच्या कॉम्प्युटरवर चढतो. मालकाच्या फोनवर कंपनीचं अ‍ॅप असतं त्यात हिस्ट्री उघडायला सांगा, नाहीतर मालकाला घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. स्क्रीनशॉट किंवा छापलेला कागद घेऊ नका, समोर उघडलेलंच बघा. ३ वर्षं नियमित सर्व्हिस आणि मग अचानक हिस्ट्री बंद, “बाहेर करत होतो” म्हणतो, तर बाहेरची बिलं मागा. मालक कबूल झाला तर फास्टॅगचं स्टेटमेंट पण बघा, महिन्याला वीस वेळा खेड-शिवापूर टोल पार केलेली गाडी वर्षाला ६ हजार चालली असं होणार नाही.

गाडी ठोकलेली आहे का हे साध्या माणसाला कळतं का?

कळतं, फक्त दिवसा उजेडात आणि कोरडी, धुतलेली गाडी बघायची. पावसात किंवा पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली बघितलेल्या पत्र्यावर विश्वास ठेवू नका.

बंपर रंगवलेला आहे म्हणून घाबरू नका, आपल्याकडे शहरात बंपर घासल्याशिवाय गाडीच नाही. बघायचं ते सांगाड्याचं. बॉनेट उघडा, बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीतून बोल्टवरही गाडीचाच रंग असतो, पाना लागला की कडेचा रंग उडतो आणि चकाकतं. बोल्ट फिरलेले म्हणजे पॅनल काढलेलं. मग दोन्ही बाजूचे अ‍ॅप्रन (पुढच्या चाकांच्या वरचा आतला पत्रा) आणि हेडलाइटच्या मागचा आडवा पत्रा बघा, कंपनीचं सीलंट सरळ एकसारखं असतं, हाताने लावलेलं ओबडधोबड दिसतं.

आता दरवाजा उघडून रबर बीडिंग बोटाने ओढून बाजूला करा, ती सहज निघते आणि परत बसते. खाली पत्र्यावर ठराविक अंतराने छोटे गोल खळगे दिसतील, ते कंपनीचे स्पॉट वेल्डिंग. चारही दरवाजांचं एकसारखं दिसायला हवं. एका दरवाज्याला खळगे आणि शेजारच्या पिलरला (दरवाज्याशेजारच्या उभ्या खांबाला) सपाट पुट्टी किंवा घासल्याच्या रेषा, म्हणजे पिलर कापून बसवलाय. अशी गाडी फुकट दिली तरी नको, कारण पुढच्या अपघातात तो पिलरच तुम्हाला वाचवणार असतो.

पेंटची जाडी मोजायचं मीटर असलेला मेकॅनिक मिळाला तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉनच्या आसपास येतो, दुसऱ्यांदा रंगवला की २०० च्या वर जातो, आणि पुट्टी भरलेली असेल तर आकडा कित्येक पट होतो. मीटर नसेल तर फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा, पुट्टीवर ते नीट चिकटत नाही. छपरावर पुट्टी सापडली तर गाडी उलटलेली असण्याची शक्यता धरा.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि वर्षाचा कोड असतो. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली ते विचारा.

आणि एअरबॅग. इग्निशन ऑन केल्यावर, इंजिन सुरू न करता, एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर मोठी गडबड आहे. अपघातात एअरबॅग फुटल्यावर नवी महाग पडते म्हणून न बसवता दिवा काढून टाकतात, किंवा रेझिस्टर लावून सिस्टीमला फसवतात. दिवा दुसऱ्या दिव्याबरोबर जोडलेला असेल तर दोन्ही एकदम पेटतात आणि एकदम विझतात. स्टिअरिंगचं आणि डॅशबोर्डचं कव्हर बाकीच्या प्लास्टिकपेक्षा वेगळ्या रंगाचं वाटतंय का तेही बघा.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखू?

कोल्हापूर-सांगलीला ऑगस्ट २०१९ ला, चिपळूणला जुलै २०२१ ला, पुण्यात सिंहगड रोडला जुलै २०२४ ला पार्किंगमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात भंगाराच्या भावाने जाते. भंगारातच गेली असती तर प्रश्न नव्हता, पण त्यातल्या काही धुवून पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकायला येतात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत, पार रिळातून संपेपर्यंत ओढा. पॉलिश करणारे वरचा भाग धुतात, आतला पट्टा कुणी धुवत नाही, तिथे मातीची रेष आणि कुबट वास असतो. मग पुढची सीट मागे सरकवून खाली रेल आणि बोल्ट बघा, वापरलेल्या गाडीत थोडी धूळ असते पण गंज चढलेला नसतो. डिकीचा मॅट उचला, स्टेपनी काढा, खड्ड्यात गाळाचा थर किंवा गंज आहे का. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पांढरट थर बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेष राहते. आणि गाडीत घुसल्या घुसल्या परफ्यूमचा भपका आला तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा, खरा वास येतो.

पुरातल्या गाडीचं वाईट असं की ती पहिल्या दिवशी व्यवस्थित चालते. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेकची सिस्टीम), पॉवर विंडो, हे सगळं कनेक्टर गंजत गेल्यावर दोन-चार महिन्यांनी एकेक बंद पडायला लागतं, तोवर विकणारा फोन उचलत नाही.

इन्शुरन्सच्या कागदावरून काही कळतं का?

खूप कळतं आणि कुणी बघत नाही. पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. एकही क्लेम नसेल तर तो दर वर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. ५ वर्षांची गाडी, एकच मालक, “एक ओरखडा नाही हो साहेब”, आणि पॉलिसीवर बोनस शून्य किंवा २०? म्हणजे गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झालाय. काय क्लेम होता त्याचं बिल मागा. काही जणांनी बोनस प्रोटेक्ट घेतलेलं असतं, त्यांचा क्लेमनंतरही टिकतो, म्हणून बोनस चांगला दिसला तरी वरची तपासणी सोडायची नाही. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे पॉलिसी नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागते.

इंजिन आणि टेस्ट ड्राइव्ह?

जायच्या आधी सांगा की गाडी सकाळपासून सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर कोल्ड स्टार्टची भानगड लपवलीय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही म्हणजे कूलंट आत जातंय. ऑइल फिलरच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर असेल तर हेड गॅस्केटचा खर्च मोजून ठेवा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) असलेला मेकॅनिक न्या. चेक इंजिनचा दिवा आज सकाळीच कोड उडवून बंद केला असेल तर स्कॅनरवर मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दाखवतं, तेवढ्यावरून कळतं की नुकतंच काहीतरी पुसलंय. गाडी निदान तासभर चालवा, ट्रॅफिकमध्ये पण आणि जमलं तर एखाद्या चढावर, कारण ऑटोमॅटिकचे आणि टर्बोचे त्रास गाडी तापल्यावर बाहेर येतात. सोसायटीला एक चक्कर मारून “मस्त आहे” म्हणणं म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही.

मेकॅनिक विकणाऱ्याने सुचवलेला नको. हजार-दोन हजार गेले तरी चालतील.

चेसिस नंबर खरंच बघावा लागतो का?

हो, आणि स्वतः वाका. पुढच्या सीटखाली फ्लोअरवर किंवा बॉनेटमध्ये फायरवॉलवर १७ अक्षरांचा नंबर कोरलेला असतो. मारुतीचा एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने. आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. अक्षरं वरखाली, आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा, ताजा रंग किंवा वेल्डिंगची चौकट दिसली तर काही न बोलता निघा. टोटल लॉस झालेल्या गाडीची आरसी आणि नंबर घेऊन त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीवर चढवतात, वाहन पोर्टलवर मग सगळं व्यवस्थित दिसतं.

नंबर हातात आहेच तर कंपनीच्या साईटवर रिकॉल पण बघून घ्या. जुन्या होंडा सिटी, जॅझ, सिविकमध्ये टाकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा रिकॉल होता, बदलून फुकट मिळतं, पण खूप गाड्या सर्व्हिस सेंटरला गेल्याच नाहीत.

टॅक्सी पासिंगची किंवा दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय, घेऊ का?

टॅक्सीतून प्रायव्हेट केलेली गाडी कायद्याने चालते, फक्त विकणारा ते सांगत नाही आणि तिने दुप्पट-तिप्पट रनिंग केलेलं असतं. जुन्या इन्शुरन्सवर कमर्शियल पॅकेज लिहिलेलं असतं, कधी ८० चा स्पीड लिमिटर अजून बसलेला असतो. गोव्यातली रेंट-अ-कॅब म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी, तिचीही तीच गोष्ट, प्रत्येक सुट्टीत वेगळ्या माणसाने चालवलेली.

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी म्हणजे फॉर्म २८ शिवाय हात लावू नका. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो आधी आरटीओत विचारून किमतीत मिळवा आणि मग बघा खरंच स्वस्त पडतेय का. बहुतेक वेळा पडत नाही.

बाहेरून बसवलेला सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी, सिलिंडरच्या पट्टीवर तारीख असते.

गाडीवर लोन आहे, मालक म्हणतो तुम्ही पैसे द्या मी बँकेत भरतो.

नाही. बँकेचं फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) काढायला लावा आणि तेवढी रक्कम डायरेक्ट त्या लोन अकाउंटला भरा, उरलेले मालकाला. मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. लोन फिटलंय पण आरसीवर एचपी (बँकेच्या बोज्याची नोंद) तशीच आहे असंही पुष्कळदा असतं, तेव्हा एचपी कॅन्सल मालकाकडूनच करून घ्या आणि एनओसीची तारीख बघा, ती साधारण ३ महिनेच चालते.

आर्मीवाला आहे, बदली झालीय, गाडी अर्ध्या किमतीत देतोय…

फ्रॉड. वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड, गाडी एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये आहे, ट्रान्सपोर्टचे ५ हजार आधी टाका, क्यूआर स्कॅन करा, ही ठरलेली पद्धत आहे. खऱ्या जवानांचं नाव वापरून केलेला धंदा आहे म्हणून जास्त संताप येतो. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

गाडी आणि मालक दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन नाही. आणि टोकन दिलं तर पावतीवर लिहून घ्या की तपासणीत दोष निघाला किंवा कागद जुळले नाहीत तर ते परत.

करारात काय लिहायचं? आणि “जशी आहे तशी” लिहिलं तर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आपल्याकडे परदेशासारखा लेमन लॉ (सदोष गाडी घेतलेल्याला संरक्षण देणारा खास कायदा) नाही, आणि सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्ट १९३० चा मूळ कल असा की घेणाऱ्याने बघून घ्यावं. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ च्या कलम १७ मध्ये खोटं सांगणं आणि मुद्दाम दोष झाकणं ही फसवणूक आहे, पण नुसतं गप्प बसणं बहुतेक वेळा नाही. म्हणजे तुम्ही विचारलंच नाही आणि त्याने सांगितलं नाही तर तुमची बाजू कच्ची. म्हणून विचारा, आणि लेखी विचारा. व्हॉट्सअपवर साधा मेसेज टाका: “गाडीचा मोठा अपघात झालाय का? पाण्यात गेली होती का? मीटर ओरिजिनल आहे का? कमर्शियल होती का? इन्शुरन्स क्लेम किती?” त्याने “नाही साहेब, सगळं ओरिजिनल” असं लिहिलं की ते त्याचं विधान झालं. हा चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जपा, कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, वकील करून देतो.

हेच सगळं स्टँप पेपरवरच्या करारात येऊ द्या: मीटरचा आकडा, चेसिस आणि इंजिन नंबर, अपघात-पूर-चोरी नाही असं विधान, डिलिव्हरीची तारीख आणि वेळ (त्याआधीचे चलान त्याचे, नंतरचे तुमचे), पैसे कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात. “जशी आहे तशी” हे वाक्य डीलर हमखास घालतात. जे दोष दिसत होते त्यांच्यासाठी ते चालतं, पण ठरवून बोललेलं खोटं त्याखाली झाकलं जात नाही. शक्यतो वाक्य खोडायलाच लावा.

डीलर म्हणाला पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी, तर नाही म्हणा, तो त्याच्या मार्जिनवर असतो आणि दोन साध्या माणसांच्या व्यवहारात लागतच नाही.

नावावर नंतर केली तर चालेल का?

नाही चालणार. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. इन्शुरन्ससाठी पण १४ दिवस, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) आपोआप चालू राहते पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं आणि पॉलिसी जुन्या नावावर, तर क्लेम अडकतो.

विकणाऱ्यालाही हे पटवून द्या, कारण भीती त्याला जास्त हवी. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये सांगितलं की रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक. तिथे गाडी २००७ ला विकली होती, पुढे आणखी हात बदलले, २००९ ला अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी रजिस्टरवर नाव असलेल्या पहिल्या माणसावर आली.

माझा सल्ला, किमतीतला एक चांगला हिस्सा ट्रान्सफर होईपर्यंत मागे ठेवा आणि करारात तसं लिहा. डीलर कुरकुरतात, पण नीट काम करणारा तयार होतो. आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून स्वतःचा घ्या.

घेतली, आणि महिन्याभरात लपवलेला दोष निघाला. आता?

लगेच दुरुस्तीला टाकू नका, आधी पुरावा. सर्व्हिस सेंटरकडून लेखी रिपोर्ट घ्या, दोष किती जुना आहे ते त्यात येऊ द्या, फोटो-व्हिडिओ काढा, निघालेले पार्ट फेकू देऊ नका. मग विकणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, पैसे परत की दुरुस्तीचा खर्च ते स्पष्ट लिहून. बरेच डीलर इथेच तडजोडीला येतात.

नाही आला तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची केस चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते. आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच केस टाकता येते, म्हणजे नाशिकच्या माणसाने पुण्याच्या डीलरकडून घेतली तरी नाशिकला. मुदत २ वर्षांची. निकालाला वेळ लागतो, ते खरं आहे.

मीटर फिरवणं, चेसिस नंबर बदलणं, खोटे कागद, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीत येतं, त्यासाठी पोलीस स्टेशन. “सिव्हिल मॅटर आहे” म्हणून परत पाठवलं तर लेखी तक्रार पोस्टाने पाठवा आणि एक प्रत वरच्या अधिकाऱ्याला.

आणि चोरीची निघाली तर?

गाडी पोलीस जप्त करतात आणि ती खऱ्या मालकाकडे किंवा त्याच्या इन्शुरन्स कंपनीकडे जाते, तुम्ही प्रामाणिकपणे पैसे दिले असले तरी. तुमचा हक्क विकणाऱ्याकडून पैसे वसूल करण्याचा राहतो. म्हणून रोख देऊ नका, “थोडे कॅश द्या, किंमत कमी दाखवू” याला बळी पडू नका, कारण ५ लाखांची गाडी करारात ३ लाखांची लिहिली तर परत मागताना तुमच्याकडे ३ लाखांचाच कागद असतो. विकणाऱ्याच्या आधार-पॅनची सही केलेली प्रत, त्याचा घरचा पत्ता प्रत्यक्ष बघितलेला, आणि बँक ट्रान्सफरची नोंद, या तीन गोष्टींवर पोलीस त्याच्यापर्यंत पोचतात. कागद गाडीत ठेवू नका, घरी ठेवा.